मुरायला ठेवलेलं

होक्काइदोच्या पश्चिम काठाला
धक्क्यामागच्या एका बसक्या शेडमध्ये
रांजणांत समुद्राचं पाणी भरून
त्यात मसाल्याचे डमरू बुडवून ठेवलेत.
तिच्या भाषेत त्यांना काय म्हणतात
मी विचारलं नाही.
दोन्हीकडे फुगीर, कमरेत बारीक :
मला तर डमरूच दिसतात.
कोपऱ्यातल्या पिंपात मुळे आहेत, मिठात दाबलेले.
तो तिचा खासगी प्रयोग.

इसोबे नात्सुए वहीवरून बोट फिरवते.
रांजण सतरा, ओळ चौथी.
मिसळणाऱ्याची सही ब्रशने, फिकट : तोकुसाबुरो.
साल एकोणीसशे एकतीस, शरद.
सिमेंट, वाळू, ज्वालामुखीची राख,
राखेचं माप जरा सढळ,
आणि समोर शेरा : "सिमेंट महाग आहे म्हणून."
एवढंच.
आभाळाची काळजी त्याच्या ध्यानीमनी नसावी.
काटकसर होती,
आणि काटकसरीने पुढे काय काय वाचतं
ते वाचवणाऱ्याला कळत नाही.

ती डमरू चिमट्यात अडकवते.
तरफेच्या दुसऱ्या टोकाला बादली,
बादलीत शिशाचे छर्रे सुटतात, एका धारेत,
सुपातून दाणे ओतावेत तसे.
कोणी बोलत नाही.

भट्टीत चुनखडी भाजताना
जो धूर वर गेला तो गेला,
तो काही हाक मारून परत बोलावता येत नाही.
मग हिशेब एवढाच उरतो :
जे एकदा भाजलं
ते पुरलं किती वर्षं?

टेकडीवरची शाळा चाळीससुद्धा पुरली नाही.
तेजीच्या, घाईच्या दिवसांतली.
समुद्राची वाळू, न धुता.
मीठ आत शिरलं, सळई गंजली, गंज फुगला,
आणि भिंती पापडासारख्या सुटल्या.
नात्सुए तिसरीत असताना
छताचा एक टवका तिच्या डब्यात पडला होता.
"मीठ जास्त झालं होतं," ती सांगते,
चेहरा न हलवता.

छर्रे पडताहेत.
गेल्या खेपेचा आकडा मागे पडला.
त्याच्या आधीचाही.
खट्.

कमरेतच तुटलाय, स्वच्छ.
ती छर्रे तोलते, पुन्हा तोलते,
मग लिहिते.
नव्वदाहून जास्त वर्षं खाऱ्या पाण्यात बसून
तो नुसता टिकला नव्हता, मुरला होता.
चुना राखेशी सावकाश बोलत होता
आणि त्यांचं बोलणं अजून संपलं नव्हतं.
आम्हीच मध्ये तोडलं.

वहीची पुढची पानं आखलेली आहेत, कोरी.
गावात यंदा एकच मूल जन्मलं.
हेरिंग मासा कधीच गेला,
त्याच्यामागे बोटी, बोटींमागे माणसं.
पुढच्या मार्चला शेड बंद, तसा कागद आलाय,
चहाच्या किटलीखाली ठेवलाय.
"मग रांजणांकडे कोण बघणार?"
ती खांदे उडवते, हातमोजे चढवते.

चाळणीतून राख.
पोलादाच्या भट्टीची दळलेली मळी.
सिमेंट निम्म्याहून कमी.
पाणी हात राखून, कारण सैल मसाला
लावताना गोड आणि पुढे दगाबाज.
साच्यांना तेल पुसते, ठासते,
वर ओलं फडकं.
"सात दिवस ते वाळू द्यायचं नाही," म्हणते,
"नंतरचं समुद्र बघेल."

ब्रश शाईत बुडवून
ती नाव लिहिते, तारीख लिहिते,
शेऱ्याच्या रकान्यापाशी अडखळते.
बाहेर लाट धक्क्यावर आपटून परत जाते,
तिलाही काही सुचत नसावं.
शाईचा थेंब ब्रशच्या टोकाशी जमतो.

शेवटी लिहिते :
"राख तोकुसाबुरोपेक्षा जास्त घातली आहे.
फोडणाऱ्याने कळवावं."